झुडपी टोमॅटो खुंटतो तेव्हा: पेरणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत

टोमॅटोचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक वेलीसारखा वाढतच राहतो, आधार मिळाला तर छताला टेकतो. दुसरा झुडपी. याच्या दोन घोसांमधली पानं कमी कमी होत जातात आणि शेवटी शेंड्यावरच घोस येऊन वाढ थांबते. हा गुण १९१४ साली फ्लोरिडात आपसूक झालेल्या एका जनुकीय बदलातून आला आणि आज कुंडीसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक बुटक्या वाणांत तो असतो. जागा कमी असेल तर हाच लावावा, पण या झाडाकडे वेळ मोजका असतो हे आधीच माहीत हवं. लागवडीनंतर साधारण ६० ते ७५ दिवसांत पहिलं फळ पिकतं. वेली टोमॅटो तीन आठवडे रुसून बसला तरी पुढे भरून काढतो. झुडपी टोमॅटो तीन आठवडे खुंटला तर खुंटलेल्या अंगावरच फुलतो, आणि मग हाती लिंबाएवढी चार फळं येतात.

त्यामुळे इथे कुठलं औषध मारायचं यापेक्षा काय आधी तपासायचं हा प्रश्न मोठा आहे. आधी पाणी, मग मूळ, मग सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा) आणि क्षार, आणि खत सगळ्यात शेवटी. आजारी रोपाला खत घालणं हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि सर्वांत महागात पडणाराही. या हंगामातली काही रोपं चांगली चालली, काही अडली. ज्या क्रमाने गोष्टी घडल्या त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

पेरणी ते चार पानं

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. माध्यम (ज्यात बी पेरतो ते मिश्रण) २५ ते २८ अंश सेल्सिअसला असेल तर पाच ते आठ दिवसांत कोंब वर येतो, १५ अंशांच्या आसपास हेच दोन आठवडे लांबतं आणि तोवर बरंच बी कुजून जातं. उगवेपर्यंत उजेडाची गरज नाही, उबेची आहे. कोंब वाकलेल्या मानेने दिसला की मात्र त्याच दिवशी ट्रे उजेडात हलवायचा. दोन दिवस उशीर झाला तरी रोप दोऱ्यासारखं लांबतं.

दिव्याखाली रोपं करत असाल तर रोज १४ ते १६ तास उजेड पुरे. दिवा चोवीस तास चालू ठेवला तर वाढ दुप्पट होईल हा हिशेब टोमॅटोला लागू पडत नाही. अखंड उजेडात त्याची पानं पिवळी पडून डागाळतात, त्याला रात्रीचा काळोख लागतोच. दिव्याची उंची मी रोपाकडे बघून ठरवते: पेरं लांब पडू लागली तर दिवा खाली, पानांच्या कडा वर वळून पानं फिकट होऊ लागली तर वर. दिव्यांवरच्या वॅटच्या आकड्यांपेक्षा हे जास्त भरवशाचं आहे.

कधी कधी बियांचं टरफल दलांना (बीतून सर्वांत आधी निघणाऱ्या दोन पानांना) चिकटून राहतं. ओढून काढू नका. त्यावर कोमट पाण्याचा थेंब ठेवून अर्धा तास थांबलं की बोटाच्या टोकाने सुटतं.

या टप्प्यावर रोपं मरतात ती बहुधा कोलमडून. संध्याकाळी ठीक असलेलं रोप सकाळी आडवं, आणि मातीलगत देठ चिमटीत धरून दाबल्यासारखा बारीक झालेला. हे पिथियम किंवा रायझोक्टोनिया बुरशीचं काम. पडलेलं रोप वाचत नाही, त्याच्या शेजारचं वाचवता येतं. झाकण काढा, पंख्याची हलकी झुळूक द्या, वरून पाणी बंद करून ट्रेच्या खालून पाणी द्या आणि वरचा अर्धा सेंटिमीटर थर कोरडा होईपर्यंत थांबा. दालचिनीची पूड, हळद वगैरे भुरभुरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्या मते काम करतो तो कोरडा पृष्ठभाग.

खत दलांवर असताना शून्य. खरी पानं दोन झाली की १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम सारख्याच टक्क्यांत असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. ईसी मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार विद्युतवाहकतेवरून मोजणारा) वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: या खतातल्या नत्राचा बराच भाग युरियाच्या रूपात असतो आणि युरिया मीटरवर दिसत नाही. आकडा कमी दिसतो म्हणून आणखी चमचाभर घातलं की रोपाच्या पानांचे काठ जळतात.

याच सुमारास पानांची खालची बाजू जांभळी दिसू लागली तर स्फुरद कमी म्हणून धावू नका. आधी थर्मामीटर मातीत खुपसा. मुळांपाशी १५ अंशांपेक्षा कमी असेल तर माध्यमात स्फुरद असूनही रोपाला उचलता येत नाही. ट्रे फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवला, ऊब मिळाली, की नवी पानं हिरवी येतात. जुनी जांभळी तशीच राहतात, त्यांच्याकडे बघत बसू नये.

कुंडीत हलवणं

पाच-सहा खरी पानं, पण कळी अजून नाही, ही हलवण्याची वेळ. पेरणीपासून साधारण चार ते पाच आठवडे. झुडपी वाणाला पेल्यात जास्त दिवस ठेवलं की मुळं पेल्याच्या भिंतीला गोल फिरू लागतात आणि रोप तिथेच कळी धरतं. एकदा का ते झालं की पुढे मोठी कुंडी देऊनही झाड पूर्ण उंचीला जात नाही. रोप वीतभरही नाही आणि शेंड्यावर कळ्या आहेत, असं दिसलं तर पहिला घोस खुडून टाका. जिवावर येतं, पण तीन फळांच्या मोबदल्यात पानं मिळतात. हे कळ्या असतानाच करायचं. फळं वाटाण्याएवढी झाल्यावर खुडून फारसा उपयोग नाही.

कुंडीचं माप: नेहमीच्या झुडपी वाणाला १२ ते १५ लिटर. अतिबुटक्या वाणांना दोन-तीन लिटर पुरतात. यातला सर्वांत प्रसिद्ध ‘मायक्रो टॉम’ १९८९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून शोभेचं झाड म्हणून आला आणि पुढे प्रयोगशाळांचा लाडका झाला. तो १५ ते २० सेंटिमीटरवरच थांबतो. त्याच्याकडे बघून ‘झाड खुंटलं’ म्हणू नये, ते तसंच असतं. पाकिटावरची उंची आधी वाचा.

माध्यम म्हणून कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, परलाइट (हलके, पांढरे खनिजाचे कण) एक भाग. कोकोपीटची वीट भिजवली की तपकिरी पाण्याबरोबर बरेचदा मीठही निघतं, म्हणून निथळलेल्या पाण्याचा ईसी ०.५ च्या (इथले सगळे ईसी आकडे mS/cm मध्ये) आसपास येईपर्यंत ते धुवायचं. शिवाय कोकोपीटच्या कणांवर सोडियम आणि पोटॅशियम बसलेलं असतं. ते सोडून हे कण नंतर तुम्ही घातलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतात आणि झाड उपाशी राहतं. कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा एकदा धुतलं की ही जागा आधीच भरते. हे न करता लावलेल्या रोपांवर चौथ्या-पाचव्या आठवड्यात मॅग्नेशियम कमतरतेची पानं दिसतात आणि लोक खताला दोष देतात.

शेणखत किंवा बाहेरचं कंपोस्ट वापरणार असाल तर आधी चाचणी घ्या. चाऱ्यावर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश जनावराच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही टिकतो, आणि टोमॅटो त्याला फार नाजूक. दोन पेल्यांत ते खत मिसळलेली माती आणि दोन पेल्यांत साधी माती घेऊन सगळीकडे घेवड्याचे दाणे पेरायचे, तीन आठवडे बघायचं. खताच्या पेल्यातली पानं वाटीसारखी वळली किंवा देठ पिळवटले तर ते खत टोमॅटोला नाही.

कुंडीच्या तळाशी खडे घालू नका. निचरा वाढत नाही, उलट माध्यमाची खोली कमी होते आणि पाणी तुंबण्याचा थर तेवढाच वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे.

रोप लावताना दलांच्या वरपर्यंत गाडा. टोमॅटोच्या देठावर मुळं फुटतात, त्यामुळे लांबलेलं रोप इथे सुधारून घेता येतं. उन्हात नेणार असाल तर पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत आठवडाभर. दिव्याखालचं रोप थेट दुपारच्या उन्हात गेलं की पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. तो रोग नसतो, भाजणं असतं.

रोप उभं, पण हलत नाही

लागवडीनंतर आठवडा-दहा दिवस काहीच न घडणं साहजिक आहे, मुळं खाली कामाला लागलेली असतात. अडचण त्यानंतर सुरू होते. रोप मेलेलं नाही, पिवळंही फारसं नाही, नुसतं थबकलेलं. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून मी सर्वांत वरच्या उघडलेल्या पानाच्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधते. सात दिवसांनी त्या धाग्याच्या वर दोन नवी पानं नसतील तर रोप अडलं आहे. अंदाज नको.

पहिली तपासणी पाण्याची. जास्त पाणी झालेलं रोपही मान टाकतं आणि तहानलेलंही, आणि दोघांना बघून हात झारीकडेच जातो. फरक पानाला हात लावल्यावर समजतो. जादा पाण्याने झुकलेलं पान भरलेलं, जाडसर लागतं, देठापासून खाली वळलेलं असतं. तहानलेलं पान पातळ, मऊ, फडक्यासारखं लोंबतं. पण पानापेक्षा कुंडीचं वजन खरं बोलतं. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर एकदा वजनकाट्यावर कुंडी ठेवा, आणि पानं नुसती मलूल होऊ लागतील तेव्हा पुन्हा. त्या दोन आकड्यांमधलं निम्मं पाणी संपलं की पुढचं पाणी. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत पाणी आणि हवा दोन्ही आहे ती अवस्था, कुंडीत याच निम्म्याच्या आसपास असते. थोड्या दिवसांत काट्याची गरज उरत नाही, कुंडी एका बाजूने उचलूनच समजतं.

लहान रोप, मोठी कुंडी हे समीकरण इथे नडतं. बारा लिटर ओल्या माध्यमात चहाच्या कपाएवढी मुळं असली तर बाकीचं पाणी कोण पिणार? सुरुवातीचे दोन आठवडे पाणी सगळ्या कुंडीला न देता देठाभोवती हाताच्या पंजाएवढ्या वर्तुळात द्यावं आणि मुळं पसरतील तसं वर्तुळ वाढवावं. मातीवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर वरचा थर सतत ओला आहे असं समजा. पिवळे चिकट सापळे प्रौढ माश्या धरतात, पण अळ्या मातीत कोवळी मुळं खातात. त्यांच्यावर बीटीआय जिवाणूचं औषध पाण्यातून चालतं, आणि वरचा थर कोरडा ठेवल्याशिवाय तेही पुरं पडत नाही.

पाणी सुधारूनही आठवड्यात हालचाल नसेल तर मूळ बघायचं. लोक याला घाबरतात. माध्यम जरा कोरडं असताना देठ दोन बोटांमध्ये घेऊन कुंडी तिरकी केली, कडेने थापटलं, की मुळांचा गोळा सरकतो. पूर्ण काढायचीही गरज नाही, एक बाजू दिसली तरी पुरे. निरोगी मूळ पांढरं किंवा दुधी, मोडलं तर कट्कन तुटतं, वास ओल्या मातीचा. सडलेलं मूळ तपकिरी असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, आत केसासारखा धागा उरतो. वास डबक्याचा. (कोकोपीटमध्ये निरोगी मुळंही फिकट तपकिरी रंगतात, तेव्हा रंगापेक्षा साल सुटते का हे बघा.)

पांढरी मुळं निम्म्याहून जास्त असतील तर रोप राखण्याजोगं आहे. त्या कुंड्यांना मी काठीने कडेला चार-पाच उभी भोकं पाडते, कुंडी विटांवर उचलते, दुपारच्या प्रखर उन्हातून बाजूला करते आणि खत पूर्ण बंद. ट्रायकोडर्मा (मुळांना उपकारक बुरशी) घालायचा असेल तर आत्ता, पण तो सडलेल्या मुळांना जिवंत करत नाही, नव्या मुळांची राखण करतो. दहा दिवसांत नवं पान येतं. नाही आलं तर, आणि पेरणीला सात आठवडे उलटून गेले असतील तर, माझा सल्ला सरळ आहे: उपटा आणि नवं बी पेरा. वेली टोमॅटोसाठी मी हे म्हटलं नसतं.

मुळं चांगली आहेत, पाणी ठीक आहे, तरी नवी पानं पिवळट येताहेत. इथे मीटर बाहेर काढायचा. मीटर आधी सामू ७ आणि मग ४ च्या द्रावणात जुळवून घ्या. त्याचं टोक साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात, नाहीतर काही महिन्यांत आकडे भलतेच दाखवतो. मापायची पद्धत अशी: कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा, मग वरून सावकाश इतकं डिस्टिल्ड पाणी ओता की तळातून ५० मिलीलिटर निथळेल. ते मापा. पहिल्या पाण्याबरोबर वाहून आलेलं मापू नका. कोकोपीट मिश्रणात सामू ५.५ ते ६.५, मातीच्या मिश्रणात ६ ते ६.८ हवा. ईसी लहान रोपाला १ च्या आसपास, फळं धरल्यावर २ ते ३.

अडलेल्या कुंड्यांपैकी एकीचा सामू ७.७ निघाला आणि ईसी ठीक. शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. ही लोहाची कमतरता, पण माध्यमात लोह नाही म्हणून नव्हे तर या सामूला ते विरघळत नाही म्हणून. कारण पाणी. जड पाण्यातलं बायकार्बोनेट दर पाण्यागणिक थोडं थोडं साठत सामू वर नेतं. अशा वेळी बाजारातलं साधं ईडीटीए लोह मातीतून देणं वाया जातं, सामू ६.५ च्या वर गेला की ते तग धरत नाही. ईडीडीएचए प्रकारचं लालसर लोह टिकतं. आणि पाण्याचं मूळ दुखणं कमी करायला सायट्रिक ॲसिड: १० लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात, ढवळून मापायचं, ६ च्या जवळ येईपर्यंत अर्धा-अर्धा ग्रॅम वाढवायचं. हे पाणी त्याच दिवशी वापरा. ठेवलं तर सामू परत चढतो. आठवड्या-दोन आठवड्यांत नवी पानं हिरवी येऊ लागतात.

दुसऱ्या कुंडीचं उलट होतं: सामू ५.९, ईसी ४ च्या वर. पानं गडद हिरवी, टोकं करपून खाली वळलेली. खत जास्त साठलं होतं. उपाय धुणं. बारा लिटरच्या कुंडीतून २५ ते ३५ लिटर पाणी, एकदम नव्हे तर चार-पाच हप्त्यांत, प्रत्येक वेळी पूर्ण निथळू देऊन. शेवटच्या हप्त्यात पाव ताकदीचं खत, म्हणजे मुळं एकदम कोऱ्या पाण्यात राहत नाहीत. पण मुळं सडत असलेल्या कुंडीवर हे करू नका. म्हणूनच मूळ आधी बघायचं, मीटर नंतर.

खताची पानं वाचताना

कमतरता ओळखण्याचे रंगीत तक्ते भरपूर आहेत आणि ते बघून माणूस जास्तच गोंधळतो. एकच प्रश्न विचारा: लक्षण जुन्या पानांवर आहे की नव्या? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून यांची उणीव खालून वर येते. कॅल्शियम, लोह, बोरॉन जिथे बसले तिथेच राहतात, म्हणून यांची उणीव शेंड्यावर. खालचं पान सगळंच फिकट पिवळं झालं तर नत्र. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. कडा भाजल्यासारख्या दिसल्या तर पालाश.

मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला १० ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारून, आठवड्याच्या अंतराने दोनदा. पहिला घोस फुलला की १९:१९:१९ कमी करून १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि कॅल्शियम नायट्रेटकडे वळायचं. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट असलेली खतं एकाच बादलीत दाट विरघळवू नका. पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या कामाचा नसतो. एकाआड एक पाण्याला द्या.

एका वेळी एकच बदल. सामू, खत, जागा सगळं एकाच रविवारी बदललं तर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही. तारीख, कुंडी, काय केलं, एवढी एक ओळ वहीत.

छाटणीबद्दल थोडंसं

वेली टोमॅटोच्या बगलफुटी काढतात ते बघून इथे तसं करू नका. झुडपी टोमॅटोचं बहुतेक फळ याच फुटींवर येतं. शेंडा तर खुडूच नये. मातीला टेकणारी पानं आणि पहिल्या घोसाखालची रोगट पानं काढा, बस्स. खालची जुनी पानं आत वर वळून कडक झाली असतील, रंग हिरवाच असेल आणि शेंडा व्यवस्थित असेल, तर ते ऊन, उष्णता किंवा भरपूर फळांमुळे झालेलं वळणं असतं, सोडून द्या. याउलट नवी पानं लहान, पिवळ्या काठांची, चमच्यासारखी वर वळलेली आणि झाड झुबक्यासारखं आखूड असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ विषाणू. त्याला इलाज नाही. झाड आधी पिशवीत झाकून मग उपटायचं, म्हणजे माश्या उडून शेजारच्या कुंडीवर बसत नाहीत.

फुलं आली आणि गळली

गळणारं फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं होऊन तुटतं. कारण बहुधा तापमान. दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या वर किंवा रात्री २४ च्या वर, तसंच रात्री १३ च्या खाली, परागकण नीट बनत नाहीत किंवा फुटत नाहीत. खत वाढवून यात फरक पडत नाही, नत्र वाढवलं तर उलट पानं वाढतात. दुपारी सावलीची जाळी, कुंडीवर आच्छादन, आणि रात्री भिंतीपासून दूर. भिंत दिवसभराची धग रात्री सोडत असते.

तापमान ठीक असूनही फळ धरत नसेल तर हलवण्याची उणीव. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, पण पराग परागकोशांच्या नळीत असतो आणि बाहेर पडायला कंपन लागतं. मोकळ्यावर हे वारा आणि भुंगे करतात. बंद जागेत विजेवर चालणारा टूथब्रश घोसाच्या देठामागे दोन-तीन सेकंद टेकवा, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, दिवसाआड. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर पिवळी धूळ उडताना दिसते. हवा दमट असेल तर पराग चिकटून राहतो, अशा दिवशी दुपार होऊ द्यावी.

फळाच्या बुडाला काळा डाग

पहिल्या घोसाच्या फळांवर देठाच्या विरुद्ध टोकाला पाणचट चट्टा, मग तो खोलगट, चामड्यासारखा काळा. हा रोग नाही, फवारणीने जात नाही. वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही, एवढंच. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं आणि पानं फळापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात. त्यामुळे एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब, असं झालं की फळ मागे पडतं. धोका असतो फळ धरल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, डाग दिसतो नंतर. म्हणजे आज दिसणारा डाग मागच्या पंधरवड्यातल्या पाण्याचा हिशेब आहे. डागाळलेली फळं खुडून टाका, पाणी रोज ठरल्या वेळी, कडक उन्हाळ्यात दोनदा विभागून, ईसी ३ च्या खाली. अंड्याची टरफलं मातीत घालणं निरुपद्रवी आहे, पण ती विरघळेपर्यंत हंगाम संपतो.

पानाची खालची बाजू

फळं वाढत असताना कीड हमखास येते. रोज दोन मिनिटं, दहापट दिसणाऱ्या भिंगाने, खालच्या पानांची पाठ बघायची. पानावर वरून सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले की पान उलटून पांढऱ्या कागदावर झटका. धुळीचे कण चालू लागले तर लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत हा आठवड्यात झाड व्यापतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानाची पाठ धुवायची, मग निंबोळी तेल ५ मिली आणि साबणाचे काही थेंब एक लिटर पाण्यात, संध्याकाळी, पाच दिवसांच्या अंतराने तीनदा. अंडी फवारणीतून वाचतात, म्हणून एकदा मारून थांबणं व्यर्थ. देठ मातीपासून वर तांबूस, गंजल्यासारखा होत चालला आणि भिंगातही काही दिसेना, तर तो त्याहून बारीक कोळी असतो. त्यावर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण ३२ अंशांच्या वर नको आणि तेलाच्या फवारणीच्या दोन आठवडे आगेमागे नको. पानं भाजतात.

खालच्या पानांवर एकात एक वलयं असलेले तपकिरी डाग म्हणजे करपा. ती पानं काढून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नव्हे. पाणी पानांवर पडू न देता बुडाशी. बाकी कात्री स्पिरिटने पुसून दुसऱ्या झाडाकडे जाणं, एवढी शिस्त.

पिकणं आणि तोडा

फूल फळल्यापासून पिकेपर्यंत साधारण ४० ते ६० दिवस. हिरवी फळं पूर्ण मोठी होऊनही लाल होत नसतील तर पुन्हा थर्मामीटर: ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट बनत नाही आणि फळ केशरी-पिवळट राहतं. २० ते २५ अंशांत उत्तम रंग येतो. बुडाशी गुलाबी छटा आली की फळ तोडून घरात सावलीत ठेवावं. चव जात नाही आणि तडे, पक्षी, एकाएकी आलेला पाऊस यांतून फळ सुटतं. उन्हात खिडकीत ठेवायची गरज नाही.

झुडपी वाणाचा बहर दोन-तीन आठवड्यांत एकदम पिकतो. ज्या कुंड्यांचा सामू किंवा क्षार वेळेत सुधारला त्यांचा तोडा चांगल्या कुंड्यांच्या मागोमाग आला, फळ थोडं लहान, संख्या थोडी कमी. मुळं सडून वाचलेल्या रोपांनी मोजकीच फळं दिली. त्यांच्याऐवजी त्याच दिवशी पेरलेलं नवं रोप जास्त देऊन गेलं असतं, आणि पुढच्या खेपेला मी तेच करणार आहे.

तोडा संपल्यावर झाड कापून मुळांचा गोळा बाहेर काढा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. ते माध्यम कुठल्याच भाजीला वापरू नका. साल सुटणारी तपकिरी मुळं असतील तर त्यात टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा नको, पालेभाज्याही जपून. मुळं पांढरी असतील तर माध्यम धुऊन, ईसी १ च्या खाली आणून, एक चतुर्थांश नवं गांडूळखत मिसळून ठेवा, म्हणजे पुढच्या पेरणीची रोपं पेल्यात तयार होतील तोवर कुंडी तयार असेल.